राखणीची बंदूक गाडीतून नेताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांच्या नावावर शेतीसंरक्षणाचा परवाना आहे, बंदूक दोननळी बारा बोअर. घर फोंडाघाटात, भातशेती आणि काजूची बाग बारा किलोमीटर आत. वडील ७२ वर्षांचे, त्यामुळे गाडी तुम्ही चालवता. रोज बंदूक घरातून गाडीत आणि गाडीतून घरात करण्यापेक्षा सुगी संपेपर्यंत ती डिकीतच कुलूप लावून ठेवली तर चालेल का? आणि पिन (काडतुसावर ठोका देणारी खीळ) बदलायला ती तुम्ही एकट्याने दाजीपूरमार्गे कोल्हापूरला नेली तर काही अडचण आहे का? शिवाय नाकाबंदीत अडवलं तर काय करायचं?

डिकीत मुक्कामाला ठेवू नका. कोल्हापूरला नेता येईल, पण वडिलांच्या सहीच्या पत्राशिवाय नको आणि दाजीपूरमार्गे तर नकोच. आता कारणं सांगतो, कारण अर्धवट ऐकून चालणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि निस्तरावं लागतं ते घरच्या म्हाताऱ्या माणसाला.

पहिली गोष्ट, परवाना माणसाचा असतो, घराचा नाही. 'घरची बंदूक' असं आपण सहज म्हणतो, पण कायद्याला फक्त तुमचे वडील दिसतात. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ मध्ये एक सोय दिलेली आहे, ती नीट समजून घ्या. स्वतःचा परवाना नसलेला माणूस परवानाधारकाच्या समक्ष, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, बंदूक नेऊ शकतो. मात्र तीनच कारणांसाठी: दुरुस्ती, परवान्याचं नूतनीकरण, किंवा खुद्द परवानाधारकाने वापरण्यासाठी. म्हणजे वडील शेजारच्या सीटवर आहेत, तुम्ही गाडी चालवताय, बंदूक मागे आहे, वापरणार तेच आहेत, हे चालतं. वडील घरी झोपलेत आणि तुम्ही एकटे बंदूक घेऊन राखणीला मांगरावर, म्हणजे शेतातल्या खोपटावर, निघालात, हे चालत नाही. मग ते बेकायदा शस्त्र बाळगणं होतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं शिक्षा आहे. शिवाय बंदूक दिली म्हणून वडिलांवरही बालंट येतं.

डिकीत ठेवण्याचा प्रश्नही इथेच निकालात निघतो. रात्रभर अंगणात उभी असलेली गाडी, तिच्या डिकीत बंदूक आणि गाडीची चावी तुमच्या खुंटीला. त्या घडीला ती बंदूक कोणाच्या ताब्यात आहे? परवाना घेताना वडिलांनी शस्त्र सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी दिलेली आहे. हॅचबॅक गाडीची डिकी म्हणजे पत्र्याचं पातळ दार आणि आतून पाडता येणारी मागची सीट. मागची काच फोडली की हात आत. शिवाय गाडी फक्त तुम्हीच वापरता असं नाही. गॅरेजला जाते, धुवायला जाते, मेहुणा लग्नाला घेऊन जातो. गाडीत बंदूक न्यायची असते, ठेवायची नसते. घरात भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने आवळलेलं लोखंडी कपाट करून घ्या. काडतुसं वेगळ्या कप्प्यात, वेगळ्या चावीने. किल्ल्या वडिलांकडे.

आता प्रत्यक्ष नेण्याविषयी. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे सार्वजनिक जागी लांब नळीची बंदूक नेताना ती त्यासाठी बनवलेल्या पिशवीत किंवा पेटीत हवी, पूर्ण झाकलेली हवी आणि नेणाऱ्याचा तिच्यावर ताबा हवा. चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर टाकलेली बंदूक या व्याख्येत बसत नाही. स्कूटरवर पाठीला उघडी लटकवून नेणारे आजही दिसतात, त्यांचं अनुकरण करू नका. दोननळी बंदुकीची एक चांगली सोय म्हणजे ती सुटी होते. पुढचं लाकूड काढलं की नळ्या आणि दस्ता वेगळे. असे तीन भाग आखूड पेटीत बसतात, पेटीला कुलूप लावायचं, आणि चापाच्या कड्यातून किंवा पेटीच्या मुठीतून तारेचं कुलूप ओवून ते सीटच्या लोखंडी पायाला अडकवायचं. जोडलेली बंदूक हिसकावून पळणं सोपं असतं, सुट्या भागांची जड पेटी सीटला बांधलेली असेल तर चोराला वेळ लागतो. काडतुसं त्या पेटीत नकोत. ती वेगळ्या कुलूपबंद डब्यात, शक्यतो वडिलांच्या पायाशी. परवान्यावर एका वेळी किती काडतुसं बाळगता येतील तो आकडा असतो, तोही पाहून घ्या. जुन्या डब्यांतली शिल्लक धरून बेरीज कधीकधी वर गेलेली असते.

बंदूक रिकामी आहे का हे घरून निघताना पाहायचं, आणि शेतावरून परत निघताना पुन्हा पाहायचं. दुसरी वेळ जास्त महत्त्वाची, कारण तेव्हा अंधार असतो, माणूस दमलेला असतो आणि डुकरं येतील म्हणून भरलेली बंदूक तशीच राहिलेली असते. बंदूक बिजागरीतून मोडून उघडा, नळ्यांमधून आभाळाकडे बघा, दोन्हीकडून उजेड दिसला पाहिजे. रात्री उजेड नसेल तर करंगळी काडतुसाच्या दोन्ही घरांत घालून चाचपा. डोळ्यांपेक्षा बोटावर माझा जास्त विश्वास आहे.

तुमची बारा बोअर आहे, पण हे वाचणाऱ्यांत ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची, बंदूक असलेलेही खूप असतील. शेतीसंरक्षणासाठी कायद्याने पहिली पसंती ठासणीच्या बंदुकीलाच दिली आहे, ती पुरेशी नाही असं परवाना अधिकाऱ्याला पटलं तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळते. ठासणीच्या बंदुकीचा धोका वेगळा आहे. टोपी (दारूला ठिणगी देणारी कॅप) काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली असं समजून ती गाडीत टाकतात. दारू आणि छर्रे नळीत तसेच असतात, आणि खडबडीत रस्त्यावर ती नळी मागच्या सीटवरच्या पोरांकडे रोखलेली असते. म्हणून ठासणीची बंदूक भरायची ती शेतावर पोचल्यावरच, आणि परतताना नळी खाली. ओळखायची रीत जुन्या माणसांना माहीत आहे: नळी रिकामी असताना गज, म्हणजे बार ठासायची सळई, आत तळापर्यंत सोडायचा आणि नळीच्या तोंडाशी गजावर कानशीने बारीक खाच पाडायची. पुढे कधीही शंका आली तर गज सोडून बघा. खाच नळीच्या तोंडाशी आली तर नळी मोकळी, दोन-तीन बोटं वर राहिली तर आत बार आहे. आमच्या आजोबांच्या बंदुकीच्या गजावर अशी खाच आहे आणि घरातल्या प्रत्येक मुलाला ती दाखवलेली आहे. दारूचा डबा आणि टोप्या एकत्र नेऊ नका, आणि त्या गाडीत कोणी विडी पेटवायची नाही.

आता कोल्हापूरचा रस्ता. फोंडा घाटातून वर गेलं की दाजीपूरजवळ रस्ता राधानगरी अभयारण्याच्या हद्दीतून जातो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चं कलम २७ सार्वजनिक हमरस्त्याने अभयारण्यातून जाणाऱ्याला प्रवेशाची सूट देतं. त्यावर लोक म्हणतात, रस्ता सगळ्यांचा आहे, मग काय हरकत? हरकत कलम ३१ ची आहे. मुख्य वन्यजीव रक्षक किंवा अधिकृत अधिकाऱ्याच्या पूर्वलेखी परवानगीशिवाय कोणतंही शस्त्र घेऊन अभयारण्यात जायचं नाही असं ते सांगतं, आणि त्यात हमरस्त्याची सूट लिहिलेली नाही. परवान्याची बंदूक, कुलूपबंद पेटी, दुरुस्तीचं पत्र हे सगळं असूनही वनखात्याच्या तपासणीत तुम्ही वाद घालत बसाल. तो वाद कदाचित जिंकालही, पण तोवर गाडी आणि बंदूक जप्त होऊन पडलेली असेल, कारण कलम ५० प्रमाणे झडतीचे आणि जप्तीचे अधिकार त्यांना आहेत. तळेरे, वैभववाडी, गगनबावडा असा वळसा घ्या. डिझेल थोडं जास्त जाईल, डोकं शांत राहील.

अभयारण्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. अभयारण्याच्या आत किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या परिसरात राहणाऱ्या परवानाधारकाने आपलं नाव वन्यजीव विभागाकडे नोंदवायचं असतं, हे कलम ३४. तुमच्या भागातल्या बऱ्याच वाड्या या दहा किलोमीटरमध्ये येतात. वडिलांनी ही नोंद केली आहे का ते कागद काढून बघा. नसेल तर वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात जाऊन विचारा आणि करून घ्या.

दुरुस्तीला नेताना वडिलांचं पत्र साध्या कागदावर चालेल, पण त्यात परवाना क्रमांक, बंदुकीचा क्रमांक, तुमचं नाव आणि पत्ता, कोणत्या दुकानात कशासाठी आणि कोणत्या तारखेला नेताय हे स्पष्ट लिहा. 'माझा मुलगा बंदूक घेऊन येत आहे' एवढंच लिहिलेलं पत्र निरुपयोगी आहे. सोबत मूळ परवाना हवा, झेरॉक्स नको. काडतुसं घरी ठेवा, पिन बदलायला काडतूस लागत नाही. दुकान शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेलंच पाहिजे. गावातला लोहार कितीही हुशार असला तरी त्याच्याकडून बंदूक दुरुस्त करून घेऊ नका, परवान्याशिवाय दुरुस्ती करणं हा त्याच्यावरचाही गुन्हा आहे. बंदूक दोन दिवस तिथे राहणार असेल तर पावती घ्या, आणि वाटेत कोणाकडे मुक्काम करायचा बेत असेल तर तो रद्द करा. सकाळी निघून संध्याकाळी परत या. चहाला थांबलात तरी एक माणूस गाडीत बसलेला हवा. म्हणून एकटे जाऊच नका, सोबत कोणीतरी घ्या, आणि जमलं तर वडिलांनाच घ्या.

नाकाबंदीत काय करायचं हेही तुम्ही विचारलंय. गाडी बाजूला घ्या, आतला दिवा लावा, हात स्टिअरिंगवर ठेवा. पोलिसांनी विचारायच्या आधी स्वतःहून सांगा: "साहेब, गाडीत परवान्याची बंदूक आहे. रिकामी आहे, मागे पेटीत कुलूप लावून ठेवली आहे. परवाना समोरच्या कप्प्यात आहे, काढू का?" मग त्यांनी सांगितल्यावरच हात हलवा. बहुतेक वेळा काम दोन मिनिटांत संपतं. बिघडतं कुठे, तर झडतीत बंदूक अचानक सापडते तेव्हा. आणि त्याच गाडीत मोठी शोधबत्ती, कोयते, पोती आणि चार-पाच मित्र असतील, वेळ रात्री दोनची असेल, तर तुम्ही राखणीला निघालात यावर कोणीही विश्वास ठेवणार नाही, आणि मलाही तो ठेवता येणार नाही. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे पारधीची मुभा नव्हे. रानडुक्कर आता वन्यजीव अधिनियमाच्या अनुसूची दोनमध्ये आहे, गवा अनुसूची एकमध्ये. डुकराने उभं पीक नासवलं तरी त्याला मारण्यासाठी कलम ११ खाली वनखात्याची परवानगी लागते. अशा सहलीला कोणी तुमची गाडी मागितली तर तोंडावर नाही म्हणा.

शेतावरून येताना वाटेत जत्रा लागते, दशावतार असतो, माणूस थांबतो. बंदूक गाडीत असेल तर थांबू नका. जत्रा, मिरवणूक, सभा आणि शाळा-कॉलेजचं आवार इथे शस्त्र नेऊ नये अशी अट परवान्यातच छापलेली असते, आणि अटीचा भंग हा शस्त्र अधिनियमाच्या कलम ३० खाली गुन्हा आहे. आधी घरी जा, बंदूक कपाटात ठेवा, मग जत्रेला या. सणासुदीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात आणि निवडणुकीत शस्त्रं जमा करायला सांगतात. त्या काळात ठाण्यात विचारल्याशिवाय बंदूक बाहेर काढू नका. जमा केली तर पावती जपून ठेवा. आणि कधी चोरीला गेली किंवा हरवली तर आधी नातेवाइकांना फोन लावत बसू नका, जवळच्या पोलीस ठाण्यात त्याच तासाला कळवा.

हवेचं एक सांगायचं राहिलं. एसी लावलेल्या गाडीतून बंदूक बाहेर दमट हवेत काढली की नळीवर दव धरतं, आणि तशीच पेटीत बंद केली की स्पंज ते पाणी धरून ठेवतो. आठवड्याभरात तांबेरा दिसायला लागतो. घरी आल्यावर पेटी उघडी ठेवा, बंदूक कोरड्या कापडाने पुसा, तेलाचा हात फिरवा आणि मगच कपाटात ठेवा. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत काडतुसं विसरू नका.

वडील ७२ चे आहेत म्हणून शेवटी हे सुचवतो. परवानाधारक सत्तरीचा झाला असेल, किंवा त्याच्याकडे शस्त्र २५ वर्षं असेल, तर तो हयात असतानाच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो अशी सोय २०१६ च्या नियमांत आहे. तुम्हाला खरोखर रोज राखणीला जावं लागत असेल, तर पत्रं लिहीत बसण्यापेक्षा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत हा अर्ज करा. आधी शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण पूर्ण करा, सातबारा आणि वडिलांचं संमतीपत्र सोबत न्या. तोवर बंदूक जाईल तिथे वडील जातील अशीच व्यवस्था ठेवा.