सण आणि बातम्यांमधून इंग्रजी शिकायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: लग्नानंतर न्यू जर्सीला आले आहे. पदवीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमातून झालं. वाचलेलं बहुतेक समजतं, पण शेजारणी बोलायला लागल्या की काय विषय चाललाय तेच कळत नाही. इथले सण आणि चालू घडामोडी यांतून इंग्रजी शिका, असं सगळे सांगतात. सुरुवात कशी करू?

उत्तर:

थँक्सगिव्हिंगपासून करा. कृतज्ञतेचा आणि एकत्र जेवणाचा हा अमेरिकन सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो, म्हणून तयारी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू करायची. त्याआधी ३१ ऑक्टोबरला हॅलोविन असतो, पण त्याचे बरेचसे शब्द भुताखेतांचे आणि पोशाखांचे, १ नोव्हेंबरनंतर फारसे कामाला येत नाहीत. थँक्सगिव्हिंगमध्ये जेवण, पाहुणे, प्रवास, हवामान, दुकानांच्या वेळा असे रोजचेच विषय येतात. शिवाय दोन-तीन आठवडे तेच तीस-चाळीस शब्द दुकानाच्या जाहिरातीत, टीव्हीवर, शाळेच्या ईमेलमध्ये आणि लिफ्टमधल्या गप्पांत पुन्हा पुन्हा भेटतात. नुसत्या बातम्या वाचून शिकणाऱ्याचं इथेच अडतं. आज निवडणूक, उद्या वादळ, परवा शेअर बाजार, त्यामुळे एकही शब्द दुसऱ्यांदा भेटत नाही आणि म्हणून टिकतही नाही.

सणांच्या बातम्यांची एक मोठी सोय अशी की त्या दरवर्षी जवळजवळ त्याच असतात. एएए ही वाहनचालकांची संस्था दर नोव्हेंबरला अंदाज देते, की या सणाला ५० मैल किंवा त्याहून लांब किती लोक प्रवास करतील. या सणाला टर्की हा मोठा पक्षी भाजून खातात, आणि व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष अशा एका टर्कीला 'माफी' देतात, म्हणजे तिला जीवदान मिळतं. १९८९पासून हे रीतसर होतं. न्यूयॉर्कमधली मेसीज या मोठ्या दुकानाची थँक्सगिव्हिंग परेड १९२४ पासूनची. तेव्हा आधी गेल्या वर्षीची प्रवासाची बातमी शोधून शब्दकोश हाताशी घेऊन सावकाश वाचा. 'डिले', 'कॅन्सल्ड', 'हेवी ट्रॅफिक', 'हिट द रोड', 'बीट द रश' हे सगळं तिथे सापडेल. मग यंदाची बातमी आली की ती शब्दकोशाशिवाय वाचा. आकडे आणि हवामान सोडलं तर फारसं नवं नसतं, आणि बातमी एका दमात वाचून होते.

बातमी वाचताना मथळा शेवटी वाचा. इंग्रजी मथळ्यांचं व्याकरण वेगळं असतं: आर्टिकल गाळतात, 'इज-आर' गाळतात, घडून गेलेलं वर्तमानकाळात लिहितात आणि पुढे होणाऱ्यासाठी नुसतं 'टू' वापरतात. 'स्टोअर्स टू क्लोज अर्ली' हे मथळ्यात बरोबर आहे, पण तसं बोललात तर विचित्र वाटेल. पहिला परिच्छेद मात्र पुन्हा पुन्हा वाचण्यासारखा असतो. कोण, काय, कधी, कुठे हे सगळं पूर्ण वाक्यांत तिथेच असतं.

वाचनासाठी सगळ्यात चांगला मजकूर मात्र घरातच येऊन पडतो. दुकानाचं साप्ताहिक जाहिरातपत्रक घ्या: 'लिमिट वन पर कस्टमर', 'व्हाइल सप्लाइज लास्ट', 'गुड थ्रू वेनस्डे'. मग गोठवलेल्या टर्कीच्या वेष्टनावरच्या सूचना वाचा, टर्की खात नसलात तरी. फ्रिजमध्ये 'थॉ' करायला, म्हणजे बर्फ उतरवायला, दर ४ ते ५ पौंडांना २४ तास लागतात, म्हणजे १२ पौंडांचा पक्षी गुरुवारी शिजवायचा तर सोमवारी सकाळीच फ्रीझरमधून फ्रिजमध्ये ठेवायला हवा. आतलं तापमान १६५ अंश फॅरनहाइट व्हायला हवं. आता हे गणित मोठ्याने इंग्रजीत करा. अंक, वार आणि आज्ञार्थी क्रियापदं एकाच वेळी तोंडात बसतात, आणि फोनवर वेळ ठरवताना आपण अडखळतो ते नेमकं इथेच.

शब्दांची वही ठेवा, पण एका सणाला तीसच शब्द. त्यातले पंचवीस वर्षभर चालणारे हवेत: 'होस्ट', 'लेफ्टओव्हर्स', 'पॉटलक' (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण), 'कार्व्ह', 'सेकंड्स' (दुसऱ्यांदा वाढून घेणं), 'हॅव पीपल ओव्हर', 'ड्रॉप बाय'. फक्त त्या दिवसापुरते पाच पुरे, जसं 'पिल्ग्रिम' किंवा 'क्रॅनबेरी सॉस'. बहुतेक तयार धड्यांमध्ये हे प्रमाण उलटं असतं. म्हणून सण संपला की शिकलेलंही संपतं. नुसता शब्द लिहू नका, तो जिथे भेटला ते अख्खं वाक्य उतरवा.

मराठी बोलणाऱ्यांच्या दोन चुका इथे ठरलेल्या आहेत. पहिली 'द'ची. सणाच्या नावाआधी सहसा 'द' येत नाही: थँक्सगिव्हिंग, ख्रिसमस, दिवाळी. 'द दिवाळी' म्हणायचं नाही. पण 'द फोर्थ ऑफ जुलै' आणि 'द हॉलिडेज' यांना मात्र 'द' हवंच. दुसरी चूक काळाची. ठरलेला बेत सांगताना आपण सगळीकडे 'विल' वापरतो. इथे लोक 'वी आर गोइंग टू माय ब्रदर्स', 'वी आर हॅविंग फ्रेंड्स ओव्हर' असं बोलतात. म्हणून सणाआधीचा प्रश्न येतो, 'व्हॉट आर यू डुइंग फॉर थँक्सगिव्हिंग?' आणि सण झाल्यावर सोमवारी येतो, 'हाउ वॉज युअर थँक्सगिव्हिंग?' पहिल्याचं उत्तर चालू वर्तमानात, दुसऱ्याचं साध्या भूतकाळात. दोन्ही उत्तरं आधीच तयार ठेवा: दोन वाक्यं आपली आणि शेवटी एक उलटा प्रश्न. उलटा प्रश्न विसरलात तर संभाषण तिथेच थांबतं, आणि दोष उगाचच आपल्या इंग्रजीला जातो.

उच्चारात जोर 'थँक्स'वर नसून 'गिव्ह'वर असतो. 'व्हेजिटेरियन' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकवा, 'वेनस्डे' म्हणताना ओठ गोल करा. आपला 'व' या दोन्हींच्या मधला आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो.

शाकाहारी असाल तर 'नॉन-व्हेज' हा शब्द इथे बऱ्याच जणांना कळत नाही. 'आय ॲम व्हेजिटेरियन' म्हणा, आणि अंडं चालत नसेल तर 'नो एग्ज आयदर' जोडा, कारण इथले बरेच शाकाहारी अंडी खातात. 'स्टफिंग' दिसायला पावाचं असतं, पण ते पुष्कळदा पक्ष्याच्या पोटात भाजतात किंवा चिकनच्या पाण्यात भिजवतात. ग्रेव्ही तर टर्कीच्या रसाचीच. विचारायचं वाक्य: 'इज देअर एनी मीट ब्रॉथ इन धिस?' आणि बोलावणं आलं की आधी 'व्हॉट कॅन आय ब्रिंग?' हे विचारायलाच हवं.

ऐकण्यासाठी परेडचा किंवा बातमीचा दीड मिनिटाचाच तुकडा निवडा. एकदा कॅप्शनशिवाय ऐका, एकदा इंग्रजी कॅप्शनसह, मग पुन्हा कॅप्शनशिवाय. चौथ्यांदा निवेदकाच्या बरोबरीने बोला. मराठी किंवा हिंदी कॅप्शन लावू नका, डोळे वाचतात आणि कान झोपतात. आपोआप तयार होणारी कॅप्शन नावं चुकवतात, तिथे अडकून पडू नका. टर्कीच्या माफीचं भाषण पहिल्या वर्षी ऐकू नका, कारण ते कोट्यांनी भरलेलं असतं आणि उगाच धीर खचतो. त्यापेक्षा बीबीसीची 'सिक्स मिनिट इंग्लिश' ही मालिका बरी: सहा मिनिटांचं संभाषण, सहा नवे शब्द आणि पूर्ण लिखित मजकूर.

या दिवसाची दुसरी बाजूही वाचा. १६२१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला इंग्लंडहून आलेले वसाहतवाले आणि तिथले मूळनिवासी वाम्पानोआग लोक एकत्र जेवले, ही गोष्ट शाळेत सांगतात. त्याच प्लिमथमध्ये १९७० पासून मूळनिवासी लोक याच गुरुवारी राष्ट्रीय शोकदिन पाळतात. सिंपल इंग्लिश विकिपीडियावर अशा विषयांवर सोप्या भाषेतले लेख मिळतात. हे माहीत असलं की गप्पांमध्ये कुणाचा सूर का बदलला ते कळतं.

आपल्या सणाबद्दलही बोलता यायला हवं, कारण तुम्हाला विचारणारच. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांना २०२४ मध्ये पहिल्यांदा दिवाळीची सुट्टी मिळाली, तेव्हा नाव बहुतेकांच्या कानावर आहे. फराळाची नुसती नावं सांगू नका. आकार, चव आणि कृती सांगा: चकली म्हणजे 'अ क्रंची, स्पायसी स्पायरल'. तीन वाक्यं पुरेत, चौथ्याला समोरचीला ताट पुढे करा.

यानंतर वर्षात पाच-सहाच सण धरा. ख्रिसमस मोठा आहे, त्याला तीन आठवडे द्या. २ फेब्रुवारीचा ग्राउंडहॉग डे छोटा, पण हवामानाच्या शब्दांना फार सोयीचा; पेनसिल्व्हेनियातल्या पंक्सटॉनी गावच्या ग्राउंडहॉगला (बिळात राहणाऱ्या एका प्राण्याला) त्याची सावली दिसली तर आणखी सहा आठवडे हिवाळा, अशी समजूत आहे. दरम्यान, जवळच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन विचारा, 'डू यू हॅव अ कॉन्व्हर्सेशन ग्रुप फॉर इंग्लिश लर्नर्स?' अनेक वाचनालयांत असे गट मोफत चालतात, आणि सणाच्या आठवड्यात तिथे गप्पांचा विषय बहुधा सणाचाच असतो.