रजा संपण्यापूर्वी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

पुढच्या महिन्यात तुझी बाळंतपणाची रजा संपते आहे, आणि डोंबिवली ते फोर्ट असे जाणे-येणे पुन्हा सुरू झाले की बाळाचे अंगावरचे दूध बंद करावे लागणार, असे तू जवळजवळ ठरवूनच टाकले आहेस. ते बंद करण्याची गरज नाही, हे तुला पटावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. मात्र एक गोष्ट आजच मनाशी पक्की कर. कार्यालयात दूध काढण्याची वेळ ही जमली तर जमली अशी ठेवून चालणार नाही. ती ठरलेली असली पाहिजे आणि तुझ्या वरिष्ठांना ती ठाऊक असली पाहिजे.

याचे कारण शरीराच्या रीतीत आहे. बाळ ओढू लागले किंवा पंप लावला की ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे पान्हा फुटतो आणि प्रोलॅक्टिन या दुसऱ्या संप्रेरकामुळे नवे दूध तयार होत राहते. पण स्तन तासन्‌तास भरलेले राहिले, तर शरीर दूध तयार करण्याचा वेग आपणहून कमी करते. एखाद्या दिवशी बैठक लांबली म्हणून एक वेळ चुकली तर काही बिघडत नाही. ती रोजच चुकू लागली की दूध हळूहळू आटते आणि बाई म्हणू लागते की मला मुळात दूधच कमी. मग घरात अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी यांचा मारा सुरू होतो. लाडू जरूर खा, अंग भरून यायला ते चांगलेच आहेत. पण वेळेवर दूध न काढल्याची भरपाई कोणत्याही लाडवाने होत नाही.

आता हिशेब पाहू. एक ते सहा महिन्यांच्या बाळाला दिवसभरात सरासरी ७५० मिलिलिटर दूध लागते, म्हणजे ताशी सुमारे ३०. तू बारा तास घराबाहेर राहणार असशील, तर मागे साधारण ३५० मिलिलिटर ठेवायचे आहे. मोठा साठा करण्यासाठी आतापासून रात्र-रात्र जागण्याचे कारण नाही. निघण्यापूर्वी बाळाला पोटभर पाज, परतल्यावर हातपाय धुऊन लगेच घे, आणि मधल्या वेळेत तीनदा दूध काढ. रजेतले काही आठवडे तू प्रसूतीपूर्वीच घेतले होतेस, त्यामुळे रुजू होताना बाळ पाच महिन्यांचे असेल. सहावा महिना पूर्ण होईपर्यंत त्याला फक्त दूधच द्यायचे आहे, म्हणून पहिला महिना सर्वांत कठीण जाईल. पुढे मऊ वरण-भात आणि नाचणीचे सत्त्व सुरू झाले की ओझे आपोआप हलके होते. बाटलीत किती जमले यावरून स्वतःला जोखू नकोस. बाळ जितके ओढून घेते तितके पंपाला बहुधा निघत नाही.

कायदा तुझ्या बाजूने आहे, पण तो नीट वाचून मग बोल. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात, मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला नेहमीच्या सुट्टीखेरीज स्तनपानासाठी रोज दोन विराम द्यावेत, अशी तरतूद केलेली होती. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती कायम ठेवली आहे. २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची केली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले. पाळणाघर ही मोठी सोय खरी, परंतु सकाळच्या फास्ट लोकलमध्ये पाच महिन्यांचे बाळ घेऊन कोणती आई चढेल? तुझ्या उपयोगाचे आहेत ते दोन विराम. त्यात जेवणाची सुट्टी मिळवली की तुझ्या तीन वेळा होतात. पंपाचा किंवा स्वतंत्र खोलीचा उल्लेख कायद्यात नाही, म्हणूनच जागा तुला मागून घ्यावी लागेल, आणि ती रुजू होण्यापूर्वी, लेखी मागावी असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आतून कडी लागणारे दार, एक खुर्ची, विजेचा एक प्लग आणि जवळ हात धुण्याची सोय, एवढे पुरे. कोणी स्वच्छतागृह सुचवले तर स्पष्ट नकार दे. बाळाच्या पोटात जाणारी वस्तू तिथे काढायची नाही, आणि यात संकोच तुला नव्हे, सुचवणाऱ्याला वाटला पाहिजे.

पंप घेताना स्तनावर बसणाऱ्या फनेलचे माप तपासून घे. खेचताना स्तनाग्र मोकळेपणी पुढे-मागे हलले पाहिजे. दुखत असेल तर सोसत राहू नकोस, माप बदल. पण पंपाइतकेच हाताने दूध काढणेही शिकून घे. अंगठा आणि तर्जनी स्तनाग्रापासून थोडी दूर, काळसर भागाच्या कडेला ठेवायची, आधी छातीच्या दिशेने मागे दाबायचे आणि मग दोन्ही बोटे एकमेकांकडे आणायची. त्वचेवरून बोटे घासायची नाहीत. सुरुवातीला नुसते थेंब येतात, मिनिटभर ठेका धरला की धारा सुटतात. जुलैत कुर्ला-शीवच्या मध्ये रुळांवर पाणी साचून गाडी अडली आणि पंपाची बॅटरी संपली, तर महिलांच्या डब्यात ओढणीआड हेच कौशल्य तुझी ठणक थांबवील.

साठवणुकीचे नियम मुंबईच्या हवेप्रमाणे पाळ. दूध बाहेर चार तास टिकते असे सांगतात, ते २५ अंशांपर्यंतच्या तापमानाला. आपल्याकडे वर्षातले बहुतेक दिवस त्याहून गरम असतात, म्हणून काढल्याबरोबर ते फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या पॅकसह थंड पिशवीत गेले पाहिजे. अशा पिशवीत ते २४ तास सुरक्षित राहते, त्यामुळे घरी पोहोचायला उशीर झाला तरी जिवाला घोर लावून घेऊ नकोस. फ्रिजमध्ये मागच्या बाजूला चार दिवस, दारात मात्र ठेवायचे नाही. प्रत्येक डब्यावर तारीख घाल. गोठवलेले एक-दोन पाकीट नेहमी राखीव असू दे, ते पावसाळ्यासाठी.

सासूबाईंना दुसऱ्या दिवशी दुधावर साय धरलेली दिसेल आणि दूध नासले असे वाटेल. ते अलगद फिरवले की एकजीव होते. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये, गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून कोमट करावे. बाटलीऐवजी वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजता आले तर उत्तम, आणि ते तुझ्यापेक्षा त्यांनाच चांगले जमेल. काढून ठेवलेल्या दुधाविषयी त्यांच्या मनात शंका असेल तर शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाबद्दल सांग. तिथे डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये आशियातील पहिली मानवी दूधपेढी सुरू झाली, आणि अपुऱ्या दिवसांच्या नाजूक बाळांना तिथे दुसऱ्या मातांनी दिलेले, निर्जंतुक करून साठवलेले दूध दिले जाते. तुझ्या बाळाला तर त्याच्या स्वतःच्या आईचे, कालच काढलेले दूध मिळणार आहे.

स्तनात गाठ आली, जागा लाल होऊन दुखू लागली तर पाजणे थांबवू नकोस, थंड शेक घे. सोबत थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. बाळ रात्री जास्त वेळा उठून पिऊ लागेल. दिवसभराची कसर ते तसेच भरून काढते, घरच्यांनी त्याला वाईट सवय म्हणू नये.

रुजू होण्याच्या आधीच्या आठवड्यात एक दिवस रंगीत तालीम कर: सकाळी निघायच्या वेळी पाज, बाळाला सासूबाईंकडे सोपव, ठरलेल्या तीन वेळांना दूध काढ आणि संध्याकाळपर्यंत त्याला जवळ घेऊ नकोस. कार्यालयाला द्यायच्या पत्राचा मसुदा मात्र त्याआधीच मला पाठव. वेळा आणि जागा त्यात नेमक्या शब्दांत आल्या आहेत की नाहीत, ते मी पाहून देईन.

तुझी,
ताई