पोक येतंय ना? मग आधी उंची मोजा

आईंना पोक येतंय म्हणता, मग हाडांच्या तपासणीतल्या ‘मणका उत्तम’ यावर मी तरी एवढ्यात विश्वास ठेवणार नाही.

तुम्ही लिहिलंय की आई ६१ वर्षांच्या, पाळी जाऊन १३ वर्षं झाली, मधुमेह जुना. डेक्सात (हाडांची घनता मोजणारी क्ष-किरण तपासणी) कंबरेचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेतला आकडा, उणे ०.९, खुब्याच्या मानेचा उणे २.१. दोन आकड्यांत एवढी तफावत का, हा तुमचा प्रश्न.

डेक्सा हाडाची सपाट सावली बघतं. एका चौरस सेंटिमीटरमध्ये खनिज किती, एवढंच त्याला कळतं. झिजलेल्या मणक्यांच्या कडांना वाढलेलं हाड तेही धरतं, मणक्यांपुढून जाणाऱ्या महाधमनीत साचलेलं कॅल्शियमही धरतं. चेपलेला मणकासुद्धा त्याला घट्ट वाटतो, कारण खनिज तेवढंच आणि जागा कमी. शिवाय त्यात कंबरेचे वरचे चारच मणके मोजतात. पोक येतं ते त्यांच्याही वर, छातीच्या मागे. म्हणून या वयात खुब्याचा आकडा जास्त भरवशाचा. उणे १ ते उणे २.५ म्हणजे ऑस्टिओपेनिया (हाड थोडं विरळ), आणि उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस (हाड ठिसूळ), ही जागतिक आरोग्य संघटनेची १९९४ची विभागणी. पण पाळी गेलेल्या बायकांत हाड मोडणाऱ्या बऱ्याच जणी उणे २.५च्या वरच्याच असतात. मीही त्यातलीच.

५४व्या वर्षी पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये घसरले, मनगट मोडलं. प्लास्टर झालं, निघालं, हाडं तपासा असं कुणी म्हणालं नाही. पुढे मीच हट्टानं डेक्सा केली, उणे १.७. ‘फक्त ऑस्टिओपेनिया’ म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या हातात. ६०व्या वर्षी बादली उचलताना पाठीत कळ आली आणि एक्स-रेत छातीचा बारावा मणका पाचरीसारखा चेपलेला निघाला. साध्या कारणानं मणका किंवा खुबा मोडला की टी-स्कोअर काहीही असो, तो ऑस्टिओपोरोसिसच. मनगट ही पहिली घंटा होती, आम्ही कुणीच ऐकली नाही.

तेव्हा आज एक करा. आईंना अनवाणी, भिंतीला टाचा लावून उभं करा आणि उंची मोजा. जुनी उंची नोकरीच्या फिटनेस सर्टिफिकेटवर सापडते. तरुणपणापेक्षा ४ सेंटिमीटर कमी भरली, किंवा डोकं मागे भिंतीला टेकतच नसेल, तर पाठीचा बाजूनं एक्स-रे हवाच. मणके चेपतात ते बहुतेकदा गुपचूप. आपण त्याला वयाची पाठदुखी म्हणतो.

मधुमेहाचं वेगळं. टाइप २ मध्ये घनता चांगली दिसते, तरी हाड मोडतं, कारण आतली वीण बिघडलेली असते. ती वीण अंदाजे कळावी म्हणून काही केंद्रांत ट्रॅबेक्युलर बोन स्कोअर देतात. तो त्याच कंबरेच्या चित्रावरून निघतो, जास्तीचे किरण लागत नाहीत. मिळाला तर घ्या, नाही मिळाला तर अडून बसू नका. फ्रॅक्स या ऑनलाइन गणकावर भारत निवडून हाड मोडण्याचा दहा वर्षांचा धोकाही बघता येतो, पण त्याच्या साध्या आवृत्तीत टाइप २ मधुमेहाचा रकाना नाही आणि पडण्याचाही नाही, त्यामुळे तुमच्या आईंचा आकडा खरा असेल त्यापेक्षा कमीच येईल.

औषध सुरू करण्याआधी रक्तात कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन, ड जीवनसत्त्व, थायरॉइड, पीटीएच (पॅराथायरॉइड संप्रेरक) बघून घ्या. पुण्यात ऊन भरपूर, पण आपण ते ग्रिलमधूनच बघतो. ‘ड’ फारच कमी असेल तर हाड नुसतं विरळ नसतं, मऊही असतं, आणि तेही डेक्सात कमीच दिसतं. त्याचा इलाज निराळा. शिबिरात टाचेवरून हाडं तपासणाऱ्या यंत्राचा कागद मात्र बाजूला ठेवा. त्यावर निदानही करत नाहीत आणि औषधाचा गुणही मोजत नाहीत. पुढची डेक्सा याच केंद्रात, याच यंत्रावर.

एक्स-रे लिहून घेताना ‘छातीचे आणि कंबरेचे, दोन्ही मणके’ असं सांगा, नाहीतर नुसता कंबरेचा काढून परत याल. आणि तो येईपर्यंत वाकून बादली उचलणं बंद, पश्चिमोत्तानासनही बंद. योगवर्गाच्या बाई रागावल्या तर रागावू देत.