फोटोचा आकार बदलल्यावर तो धूसर होतो. दर्जा कसा टिकवायचा?

लहान करताय की मोठा, ते आधी पाहा. लहान करताना खरं नुकसान होतं ते जेपीईजी पुन्हा पुन्हा सेव्ह केल्याने; दर वेळी नव्याने कॉम्प्रेशन होतं आणि गेलेला तपशील परत येत नाही. म्हणून मूळ फाइल तशीच ठेवा. कॉपीवर आधी क्रॉप, मग आकार, वाटल्यास हलकं शार्पन, आणि शेवटी एकदाच ८०-८५ क्वालिटीला सेव्ह. गिंप या मोफत फोटो-एडिटरमध्ये इंटरपोलेशन (नवे पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, ठरवायची पद्धत) ‘क्यूबिक’ ठेवा आणि लांबी-रुंदीची साखळी जोडलेली असू द्या, नाहीतर चेहरे ताणले जातात.

मोठं करताना मात्र नसलेले पिक्सेल सॉफ्टवेअर अंदाजानेच भरतं. दीडपटीपर्यंत बहुधा खपून जातं, त्यापुढे माझा तरी भरवसा नाही.

प्रिंट काढायची असेल तर ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) ४ × ६ इंचांना १२०० × १८०० पिक्सेल पुरतात. म्हणजे साधारण २२ लाख, कुठलाही आजचा मोबाइल देतो. नुसता डीपीआयचा ७२ चा आकडा ३०० केला की पिक्सेल वाढतात, हा गैरसमज फार पसरलाय; तसे ते वाढत नाहीत.

आणि फोटो व्हॉट्सॲपवर आलेला असेल तर तो वाटेतच आक्रसलेला असतो. पाठवणाऱ्याला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.