पहिली सर्व्हिस आणि मेहुण्याचं ऑइल

प्रश्न : द्राक्षबागेसाठी छोटा ट्रॅक्टर घेतला. मीटरवर ४८ तास झालेत, पहिली सर्व्हिस आली. मेहुणा म्हणतो, ट्रकचं ऑइल उरलंय, तेच घाल. चालेल का?
– एक बागायतदार, तासगाव

उत्तर : मेहुण्याचं मन मोडू नका, पण कॅनवरचं वाचा. ट्रॅक्टरच्या पुस्तकातला ग्रेड (तेलाचा दाटपणा, समजा १५डब्ल्यू-४०) आणि एपीआय दर्जा (कॅनवर छापलेली तेलाची प्रत) जुळला, कॅन सीलबंद असला, तर इंजिनाला चालेल. फिल्टर मात्र नवाच; नव्या इंजिनाचा बारीक कीस त्यात अडकलेला असतो.

खरी गफलत मागच्या बाजूला होते. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअर, हायड्रॉलिक आणि तेलात बुडालेले ब्रेक एकाच तेलावर चालतात. तिथं मी एकदा साधं गिअर ऑइल ओतलं. ब्रेक असे किंचाळले, की शेजारच्या बागेतले मजूर बांधावर आले! सगळं तेल पुन्हा काढावं लागलं. वॉरंटीसाठी बिल जपा, सर्व्हिसची नोंदही करून घ्या.