विद्यार्थ्यांची परदेशी अभ्यास सहल : सुरुवात कुठून करावी?

15 विद्यार्थ्यांना 10 दिवस नेदरलँड्सला न्यायचंय, निवड आणि तयारी कशी करावी, असं तुम्ही विचारलंय. तिकिटांचं नंतर बघा. आधी मुलांच्या वडिलांच्या बँक खात्याचे उतारे बघा.

मी लातूरला कृषी व्यवसाय शिकवते. आमच्या पहिल्या सहलीला रेणापूर तालुक्यातली एक मुलगी निवडली होती. तिचा प्रकल्प मोंढ्यातल्या सोयाबीनच्या लिलावावर होता, आणि आम्ही नेदरलँड्समधल्या आल्समीरचा फुलांचा लिलाव बघायला निघालो होतो. तिथं भाव वरून खाली उतरत येतो, जो आधी बटण दाबेल त्याचा माल. आपल्याकडं बोली चढत जाते. ह्यातली मेख तिच्याइतकी कुणालाच कळली नसती.

तिचा व्हिसा नाकारला. सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदा येतो, एरवी खातं कोरडंच. एजंटानं सांगितलं म्हणून वडिलांनी पाहुण्यांकडून 2 लाख उसने आणले आणि अर्जाच्या आठवडाभर आधी भरले. उताऱ्यावर तेवढीच एक मोठी नोंद, म्हणजे दाखवण्यापुरता आणलेला पैसा असा संशय येणारच. नंतर ते माझ्याकडं आले, आडत्याच्या 5 वर्षांच्या हिशोबपट्ट्या सुतळीत बांधून. "मॅडम, ह्या लावल्या असत्या तर?" लावायलाच हव्या होत्या. पट्ट्या, सातबारा, दोन्हींचं इंग्रजी भाषांतर, आणि खर्च विद्यापीठ करतंय असं पत्र. आम्हीच त्यांना सांगितलं नव्हतं.

बैठकीत एक सहकारी म्हणाले, "म्हणून म्हणत होतो, ज्यांच्याकडं पासपोर्ट आहे तीच पोरं घ्या." मला हे तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. ती पोरं कधी ना कधी घरच्या पैशानं जाणारच आहेत. इंग्रजी मुलाखतीवर निवडू नका, केलेलं काम बघून निवडा, आणि वर्षभर आधी निवडा. कारण पासपोर्टातच महिने जातात. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. पोलीस पडताळणीला माणूस गावी जातो आणि मुलगी वसतिगृहात असते.

नेदरलँड्सला शेंगेन व्हिसा लागतो, युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा. त्याचा अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो, विमा किमान 30,000 युरोचा लागतो. आल्समीरचा लिलाव शनिवार-रविवारी बंद असतो, त्या हिशोबानं दिवस ठरवा. आणि हो, सगळी कागदं चोख असूनही व्हिसा नाकारला जाऊ शकतो, म्हणून पैसे परत न मिळणारी तिकिटं काढू नका.

पालकसभा दिवाळीच्या तोंडावर ठेवू नका. सोयाबीनच्या राशी चालू असतात, कुणी येत नाही.