‘मॅडम, माझी प्रार्थनाच सुटलीय’

“नवरा गेला त्याचं दुःख आहेच, मॅडम. पण मी आले ते वेगळ्याच कारणासाठी. माझी प्रार्थनाच सुटलीय.”

नगर जिल्ह्यातल्या या ताई नर्स आहेत, माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या होत्या. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) त्यांचे पती दोन वर्षं डायलिसिसवर होते. मंडळीने, म्हणजे त्यांच्या चर्चमधल्या लोकांनी, साखळी प्रार्थना (एकामागून एकाने, खंड न पडू देता) धरली, महिला मंडळाने 21 दिवस उपास-प्रार्थना केली. पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) दर आठवड्याला घरी यायचे. तरीही पती गेले. मातीनंतर (दफनानंतर) चौथ्या-पाचव्या दिवशी भेटायला आलेली मंडळीतली एक बहीण म्हणाली, “विश्वास कुठेतरी कमी पडला असेल गं.”

ते वाक्य ताईंच्या काळजात रुतून बसलं, कारण त्यांना ते खरं वाटत होतं. “सगळे डोळे मिटून बरेपण मागायचे, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर क्रिएटिनिनचा, किडनी किती बिघडलीय ते सांगणारा आकडा असायचा. मला रिपोर्ट कळत होते ना! आमेन म्हणतानाच मला माहीत होतं की हे उठणार नाहीत. मग माझ्यामुळेच राहिलं का?”

त्यांच्या घरी रोज रात्री जेवणाआधी कुटुंबप्रार्थना व्हायची. एक गीत, एक अध्याय आणि शेवटी येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना. चालवायचे पतीच. आता त्यांचं बायबल आणि वर ठेवलेला चष्मा तसाच फळीवर होता. पंधरा वर्षांची मुलगी रोज विचारायची, “आई, करायची ना?” आणि ताई म्हणायच्या, “तू जेव, मला ड्यूटीला जायचंय.”

पहिल्या भेटीत मी चुकले. मी सुचवलं, सकाळी फक्त पाच मिनिटं बसून बघा, छोटीशीच प्रार्थना. पुढच्या आठवड्यात त्या आल्या तेव्हा चेहरा आणखी उतरलेला. पाच मिनिटंही जमली नव्हती, आणि आता त्याचाही अपराध मनावर होता. ज्या माणसाचा आवाजच बसलाय, त्याला मी रोज गाण्याचा रियाज करायला सांगितला होता.

मग मी नीट चौकशी केली. झोप, भूक, जीव नकोसा वाटतो का, कामात चुका होतात का. झोप फारच बिघडली होती, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. प्रार्थनेत मन लागत नाही यामागे कधी कधी नैराश्य असतं, आणि त्याला औषध घेणं म्हणजे अविश्वास नाही. हे अनेकांना पटवावं लागतं. ताईंना एका वाक्यात पटलं. वॉर्डात त्या रोज तेच करतात, हाताने सलाईन लावायचं आणि मनात रुग्णाचं नाव घ्यायचं.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, “देवाला काय सांगायचंय, ते शोभतं की नाही याचा विचार न करता सांगा.” बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, “तू ऐकलं नाहीस, एवढंच.” आणि लगेच तोंडावर हात ठेवला, जणू काही पाप घडलं.

मी बायबल काढलं आणि त्यातल्या प्रार्थनागीतांपैकी, म्हणजे स्तोत्रांपैकी, 13 वं त्यांनाच वाचायला दिलं. किती काळ मला विसरणार, किती काळ तोंड लपवणार, अशी ती सरळ तक्रार आहे. दीडशे स्तोत्रांमध्ये सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. 88 वं तर अंधारातच संपतं. शेवटी धीराचा शब्दसुद्धा नाही. ही शतकानुशतकं उपासनेत म्हटली गेली आहेत. ताई म्हणाल्या, “आम्ही मात्र तेविसावंच काढतो हो नेहमी, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ ते.” मलाही वाटतं, आपल्या मंडळ्यांत साक्ष द्यायला उभं राहतो तो बरा झालेला माणूस. ज्याचं मागणं पुरं झालं नाही, त्याला उभं राहायला जागाच नसते.

विश्वास कमी पडल्याच्या सलीबद्दलही बोलणं भाग होतं. गेथशेमाने बागेत, वधस्तंभाच्या आदल्या रात्री, खुद्द येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवणी केली आणि प्याला टळला नाही. तिथे कुणाचा विश्वास कमी पडला? मग आपल्या जवळचं, पुणे जिल्ह्यातलं केडगाव. 1905 साली पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थनेचं संजीवन झालं, म्हणजे प्रार्थनेची मोठी लाट आली, मुली तासन्‌तास गुडघ्यांवर असायच्या. त्याच रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये, वयाच्या चाळिशीत, आईच्या आधी गेली. रमाबाईंची प्रार्थना तोकडी होती, असं म्हणायची आपली छाती होईल का? ताई रडल्या. पती गेल्यानंतर दुसऱ्यांसमोर पहिल्यांदाच.

त्यांना सगळ्यात लागू पडला बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायातला पक्षाघाती. चौघांनी छप्पर उसकून त्याला बाजेसकट खाली सोडलं. येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, असं तिथे लिहिलंय. त्या माणसाने स्वतः एक शब्दही काढल्याचं लिहिलेलं नाही. मी म्हटलं, “ताई, सध्या तुम्ही बाजेवर आहात. उचलणाऱ्यांना उचलू द्या.” प्रभूची प्रार्थनाही बघा ना, ‘आमच्या पित्या’, ‘आम्हाला दे’. ती एकट्याने पेलायची म्हणून शिकवलेलीच नाही.

यानंतर मी त्यांना घरी करायला काहीच दिलं नाही. फक्त मुलीला होकार द्या म्हटलं. प्रार्थना ती चालवील, तुम्ही नुसतं शेजारी बसा. डोळे मिटले नाहीत तरी चालतील.

दोन महिन्यांनी ताई आल्या तेव्हा झोप सुधारली होती. त्या बहिणीशी अजून बोलणं नाही आणि मीही घाई केलेली नाही. घरात रात्रीची प्रार्थना पुन्हा सुरू झाली होती. मुलगी बाबांचा चष्मा बाजूला ठेवते आणि त्यांच्याच बायबलमधून वाचते. शेवटी दोघी मिळून ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणतात.

“पण ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ला मी थांबते, मॅडम. ते अजून तोंडातून निघत नाही.”

“मग?”

“तेवढी ओळ ती एकटी म्हणते. ‘आमची रोजची भाकर’पासून मी पुन्हा धरते.”